मूत्रपिंडाची काटकसर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही चरीच्या संपावर बोलावे. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जो संप चालविला, तो आमच्या जिभेवर आहे. आणि तो सांगताना आमचा आवाज आपोआप चढतो हेही चालकांना ठाऊक आहे. पण यंदा आम्ही त्यांना म्हटले, "संपावर पुष्कळ बोललो, या वेळी मूत्रपिंडावर बोलू द्या." ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. ज्याचे निम्मे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि मालकांच्या दारांत गेले, त्याचा मूत्रपिंडाशी संबंध काय? आपल्याही मनात हाच प्रश्न असेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आधी एक कबुली देतो. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, उसन्या पुस्तकांतून आणि भल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून त्यांचा जीव खाण्यातून झाले. तेव्हा जे पक्के समजले तेवढेच सांगू.

आमचे वडील खाडीकाठच्या मिठागरात मजूर होते. शाळा सुटल्यावर आम्हीही तेथेच लागलो. पेण-उरणकडच्या मंडळींना मिठागराचे वर्णन सांगायला नको. पावसाळा सरला की वाफे सारखे करायचे, ते पायांनी तुडवून घट्ट करायचे, भरतीचे पाणी घ्यायचे, आणि मग फाल्गुन-चैत्राच्या उन्हात मीठ ओढून, पाट्या भरून डोक्यावरून वाहायच्या. सावलीला झाड नाही, कारण खारट जमिनीत झाड येत नाही. ऊन वरून लागते आणि पांढऱ्या मिठावरून उलटून खालूनही लागते. चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याचे गोड पाणी गावातून आणलेल्या दोन मडक्यांत. ते दुपारपर्यंत संपे. बायका तर सकाळी घोटभर चहा घेऊन निघत आणि परत येईपर्यंत पाणी तोंडाला लावीत नसत. कारण त्या उघड्या रानात आडोसा नव्हता. पाणी प्यायले तर जायचे कोठे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. दुपारनंतर लघवी लाल-पिवळी होई, जळजळ होई. "उन्हाळी लागली," असे म्हणून आम्ही ती गोष्ट सोडून देत असू.

आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा एक सोबती होता. पाट्या वाहून त्याची कंबर धरत असे. गावच्या दुकानात दुखण्याची गोळी सुटी मिळे. ती तो सकाळी चहाबरोबर घेई, कधी दुपारी आणखी एक. अशी वर्षांमागून वर्षे गेली. पंचेचाळिशीच्या आतच त्याच्या पायांवर सूज आली, जेवण जाईना, धाप लागू लागली. मुंबईस नेले तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत. मधुमेह नव्हता. दारूचे व्यसन नव्हते. आठवड्यातून दोनदा आणि पुढे तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्याच्या येरझारा सुरू झाल्या. तिसऱ्या वर्षी तो गेला.

त्याच्याबरोबर आम्ही रुग्णालयात बसत असू. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी विचारल्या : "हा कोणत्या गोळ्या घेत होता? आणि उन्हात काम करताना पाणी किती पीत होता?" एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण ते दोन प्रश्न आमच्या डोक्यातून गेले नाहीत. गोळीचा आणि तहानेचा एकमेकींशी संबंध काय? आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नामागे लागून आम्ही जे शिकलो त्याचा जमाखर्च आहे.

आता मूत्रपिंड म्हणजे काय ते पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढे एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म नळ्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठींकडे जातो. गुच्छातून रक्त गाळले जाते आणि गाळलेले पाणी नळीत उतरते. दिवसाकाठी हे पाणी भरते सुमारे १८० लिटर! पण आपण लघवीवाटे टाकतो दीड लिटर. उरलेले कोठे जाते? नळीच्या भिंतीतील पेशी ते परत रक्तात ओढून घेतात. पाणी, मीठ, साखर, जे उपयोगाचे ते सारे वेचून परत घ्यायचे आणि केर तेवढा पुढे ढकलायचा, हे त्यांचे काम. त्यांना रात्र नाही, सुट्टी नाही. अशी काटकसर आमच्या आईनेही कधी केली नसेल.

पण किती परत घ्यायचे आणि किती सोडायचे, हे कोण ठरवितो? आपल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. भरतीचे पाणी आले की तिचे दार दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. तिला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. मूत्रपिंडाच्या दारांना मात्र निरोप लागतो. हे निरोप रक्तातून येतात. त्यांनाच शास्त्रात संप्रेरके म्हणतात; इंग्रजी शिकलेली मंडळी हार्मोन म्हणतात.

ऊन लागले, घाम गेला, रक्त घट्ट झाले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक सुटते. ते मूत्रनळीच्या शेवटच्या भागातील पेशींपाशी पोचते. त्या पेशींच्या पोटात पाण्याच्या सूक्ष्म झडपा जणू कोठारात ठेवलेल्या असतात. निरोप मिळताच त्या पेशीच्या दर्शनी भिंतीत येऊन बसतात आणि पाणी आत ओढले जाते. या जलझडपांचा शोध अमेरिकेतील पीटर ॲग्री यांनी लावला आणि त्याबद्दल त्यांना २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा निरोप अधिवृक्क ग्रंथीचा. ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी असते. तिचे अल्डोस्टेरॉन पेशींना बजावते, "मीठ सोडू नका." तिसऱ्या निरोपाची सुरुवात मूत्रपिंड स्वतःच करते. रक्ताचा दाब उतरला की ते रेनिन सोडते, आणि त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. हे रक्तवाहिन्या आवळते. गुच्छातून बाहेर पडणारी वाहिनी तर विशेषच आवळते, म्हणजे पाणी थोडे असले तरी गाळण्यापुरता दाब टिकून राहतो.

पण सगळीकडेच आवळाआवळ झाली तर मूत्रपिंडाची उपासमार होईल. म्हणून शरीराने एक समजूतदार माणूस मध्ये बसविला आहे. त्याचे नाव प्रोस्टाग्लॅंडिन. हा दुरून येत नाही. मूत्रपिंडातच जागच्या जागी तयार होतो आणि गुच्छात रक्त आणणारी वाहिनी उघडी धरून ठेवतो. याचे नाव विसरलात तरी चालेल, पण काम लक्षात ठेवावे. आमच्या सोबत्याच्या गोष्टीची किल्ली त्याच्यापाशी आहे.

जाता जाता हेही सांगितले पाहिजे की मूत्रपिंड नुसते हुकूम ऐकणारे नव्हे. ते स्वतःही संप्रेरके पाठविते. त्यांतले एक हाडांच्या मगजाला रक्तपेशी तयार करावयास सांगते. म्हणून मूत्रपिंड बिघडलेला माणूस पांढराफटक पडतो. 'ड' जीवनसत्त्वाला कामाचे रूप देणे हेही मूत्रपिंडाचेच काम. म्हणून त्याची हाडे दुबळी होतात.

आता विषाकडे वळू. विष शरीरात कोठूनही शिरो, मूत्रपिंडाच्या पेशींनाच त्याचा मार अधिक का बसतो? याची कारणे आपण आताच पाहिलेल्या काटकसरीत आहेत. पाचवा हिस्सा रक्त इकडे येते, तेव्हा विषही इकडे अधिक येते. १८० लिटरांचे दीड लिटर झाले, म्हणजे जे द्रव्य परत घेतले जात नाही ते नळीच्या टोकाशी पोचेपर्यंत १२० पट दाट होते. शिवाय नळीच्या पहिल्या भागातील पेशींत हमालांसारखी काही वाहक द्रव्ये असतात. ती केर समजून विष रक्तातून उचलतात आणि बाहेर टाकण्याआधी पेशीत आणतात. म्हणजे घर झाडणाऱ्याच्याच नाकात धूळ जाते, तसे हे आहे. याच पेशी सर्वांत अधिक राबतात, त्यांना प्राणवायू सर्वांत अधिक लागतो, आणि म्हणूनच त्या लवकर मरतात.

उदाहरण घ्या कॅडमियमचे. हा धातू मुलामा देण्याच्या कामात, काही रंगांत आणि विजेऱ्यांत वापरतात. तंबाखूच्या पानातही तो जमिनीतून येतो, म्हणून बिडीच्या धुरातूनही माणसात जातो. एकदा मूत्रपिंडाच्या पेशीत बसला की तो दहा-दहा, वीस-वीस वर्षे हलत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचे पाणी भातशेतीत शिरले आणि शेकडो बायकांची मूत्रपिंडे आणि हाडे गेली. वेदनेने त्या "इताई, इताई" म्हणून विव्हळत, त्यावरूनच रोगाला नाव पडले. जपान सरकारने १९६८ साली हा रोग प्रदूषणाचा असल्याचे मान्य केले. नदीकाठी कारखाने असणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट पाठ करून ठेवावी अशी आहे.

दुसरे उदाहरण खाडीपलीकडचे, मुंबईचे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सर जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन दिले होते, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. यकृतात या द्रव्याचे एक आम्ल होते, ते मूत्रनळीच्या पेशींत साचते आणि पेशींच्या ऊर्जेच्या भट्ट्याच विझवून टाकते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषधखरेदीपासून औषधनियंत्रणापर्यंतची सारी सडलेली साखळी उघडी केली. हे विष काही नवीन नव्हते. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभरावर बळी घेतले होते आणि त्यावरून तेथे १९३८ चा औषधकायदा झाला होता. म्हणजे शहाणपण १९३७ सालचे, मृत्यू १९८६ सालचे. आणि तेवढ्यावरही थांबले नाही. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० बालके, आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतली कित्येक आपल्या नागपुरास उपचारासाठी आणली होती. पेशीने काय पाप केले होते? ती आपले काम करीत होती. काम चुकविले होते ते बाटली तपासणाऱ्यांनी.

तिसरे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे, आणि ते माणसाचे नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या वृद्ध मंडळींना विचारा. उंच झाडांवर गिधाडांची घरटी असत आणि मेलेले गुरू टाकले की तासाभरात आभाळ काळे होई. १९९० नंतर हा पक्षी देशभर नाहीसा होऊ लागला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर शंभरातले एकही उरले नाही म्हणण्याची पाळी आली. कोणी म्हणे साथ आली, कोणी म्हणे अन्न तुटले. पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००४ साली खरे कारण प्रसिद्ध केले. पक्ष्यांच्या पोटातील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला होता. मूत्रपिंडे मेलेली होती. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. ते गुरू मेले की त्याचे मांस गिधाडे खात, आणि मांसात उरलेला औषधाचा अंशही त्यांना पुरे होई. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आणली. म्हसळा तालुक्यातील चिरगावाजवळ गावकरी, वनखाते आणि पक्षिमित्र यांनी गिधाडे जपण्याचे काम हाती घेतले. त्यांना आम्ही येथून नमस्कार करतो.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण आमच्या सोबत्याच्या खिशात ज्या गोळ्या असत, त्यांच्या पाकिटावर हेच नाव होते. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपले शरीर या औषधाचा निचरा बरा करते, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार दिवस घेतलेल्या गोळीने धडधाकट माणसाचे सहसा बिघडत नाही. मग त्याचे का बिघडले असावे?

येथे आपला तो समजूतदार माणूस आठवा, रक्ताची वाट उघडी धरणारा. दुखणे कमी करणाऱ्या या जातीच्या गोळ्या काम कसे करतात? प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणे बंद पाडून. सांध्यात ते बंद पडले की ठणका थांबतो. पण गोळीला सांधा कोठला आणि मूत्रपिंड कोठले हे कळत नाही. ज्याने पोटभर पाणी प्यायले आहे त्याला ते फारसे जाणवत नाही. पण ज्याचा घाम दुपारपर्यंत वाहिला आहे, ज्याच्या रक्तात व्हासोप्रेसिन आणि अँजिओटेन्सिन "आवळा, वाचवा" असे ओरडत आहेत, त्याचे मूत्रपिंड त्या एकाच माणसाच्या आधारावर तगलेले असते. गोळी नेमकी त्यालाच उचलून बाजूस करते. रक्ताची वाट बारीक होते आणि सर्वांत अधिक राबणाऱ्या पेशींचा प्राणवायू तुटतो. एका दिवसाने माणूस मरत नाही. पेशी पुन्हा उगवतात. पण रोज मारायचे आणि रात्री उगवू द्यायचे, असे वर्षानुवर्षे चालले तर पेशींच्या जागी नुसता वण उरतो. तहान आणि गोळी यांचा संबंध आहे तो हा.

केवळ तहान आणि उष्णता यांनीही इजा होते, असे आता पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारे तरुण मजूर मूत्रपिंड निकामी होऊन हजारोंनी मेले. त्यांतल्या बहुतेकांस मधुमेह नव्हता. आपल्याकडे आंध्र प्रदेशात श्रीकाकुळम् जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उद्दानम् भागात नारळी-काजूच्या बागांत राबणाऱ्यांत हाच रोग आहे. त्याचे नेमके कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. तमिळनाडूच्या मिठागरांतील मजुरांची तपासणी झाली तेव्हा तेथेही उन्हाचा भार आणि मंदावलेली मूत्रपिंडे दोन्ही आढळली. निकाराग्वात मात्र एका साखर कारखान्याने पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टी शिस्तीने दिल्या, आणि तोडणी कामगारांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली. या तीन औषधांना परदेशी चलन लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, "मूत्रपिंडे बिघडण्याची मुख्य कारणे मधुमेह आणि रक्तदाब, हे का सांगत नाही?" सांगतो. ते खरेच आहे, आणि त्या रोग्यांनी औषध चुकवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या अँजिओटेन्सिनलाच अडवितात आणि त्यामुळे मूत्रपिंडाचे आयुष्य वाढविते. त्या आपल्या मनाने सोडू नयेत, आणि त्यांच्या जोडीला दुकानातून दुखण्याची गोळीही आपल्या मनाने घेऊ नये. ज्यांचे मूत्रपिंड आधीच बिघडले आहे त्यांनी किती पाणी प्यावे हेही डॉक्टरांनाच विचारावे. आमचे म्हणणे एवढेच की, मजुराचा रोग नेहमी त्याच्या सवयीच्या खात्यावर लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती मोडली पाहिजे. उन्हात कोणी आपल्या हौसेने तहानलेला राहत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी शौचालये देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्यावर प्रश्न निघाला की मिठागर हा कारखाना कसा? त्याला ना छप्पर, ना भिंत! मुंबईच्या वडाळा मिठागराच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, समुद्राच्या पाण्याचे मीठ करणे हे उत्पादनच होय, आणि उघडे असले तरी मिठागर हा कारखानाच होय. हा निकाल लागला तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. आणि आम्ही पाट्या वाहत होतो तेव्हा मडकी दोनच होती. कायद्यांची नावे आणि कलमे आता बदलली, नव्या संहिता आल्या. मजुरांच्या घशाची तहान तीच आहे.

पूर्वी आमच्या मागण्यांच्या कागदावर पहिले कलम पगाराचे असे, आणि पाणी, सावली, शौचालय ही कलमे शेवटी, सोडून देण्यासाठीच लिहिलेली असत. वाटाघाटीत मालक म्हणे, "दोन रुपये वाढवतो, ती शेवटची कलमे काढा," आणि आम्ही ती काढीत असू. ही आमची चूक होती. ती आज आपल्यासमोर मान्य करतो. दोन रुपये आम्ही आणले, पण ते ज्याच्या बदल्यात आणले त्याची किंमत आम्हांस ठाऊक नव्हती. आता आमच्या कागदावर पाण्याचे कलम पहिले असते, आणि बायकांसाठी आडोसा दुसरे.

आपल्यापैकी जे बागेत, शेतात, होडीवर, बंदरावर, इमारतीच्या कामावर राबतात किंवा इतरांना राबवितात, त्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. लघवी गडद झाली की शरीर पाणी मागत आहे असे समजावे. रोज दुखण्याची गोळी लागत असेल तर गोळी वाढवू नये, ओझे कमी करावे आणि डॉक्टरांना गाठावे. वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे. हे सांगण्याचे कारण असे की मूत्रपिंड फार सोशिक असते. निम्म्याहून अधिक पेशी गेल्या तरी उरलेल्या निमूटपणे सारे काम ओढतात आणि माणसाला काही कळत नाही. आम्ही संप करणारी माणसे, निदान नोटीस तरी देतो. हा कामगार नोटीस न देता बंद पडतो.

आमच्या सोबत्याची धाकटी मुलगी आता कामाला जाते, एका बांधकामावर. परवा वाटेत भेटली. आम्ही विचारले, "पाणी पितेस ना गं कामावर?" ती हसली आणि म्हणाली, "काका, आडोसा कुठं हाय तिथं?" त्या बांधकामाच्या मुकादमाकडे आम्ही उद्या सकाळी जाणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी आठ वाजता एस. टी. स्थानकापाशी यावे.